कम्युनिटी कॉलेजच्या बोर्डाची निवडणूक मुळात होतेच कशाला?

कॅलिफोर्नियात तुमचे कोणी सिटिझन झालेले नातेवाईक असतील तर त्यांना नोव्हेंबरात मतपत्रिकेचा फोटो पाठवायला सांगा. वर राष्ट्राध्यक्ष, मग सिनेटर, मग काँग्रेस, आणि पार खाली, जिथपर्यंत पोचता पोचता निम्मे लोक कंटाळलेले असतात तिथे, कम्युनिटी कॉलेज डिस्ट्रिक्टच्या ट्रस्टीची जागा. कम्युनिटी कॉलेज म्हणजे मुख्यतः बारावीनंतरची दोन वर्षं शिकवणारं सरकारी कॉलेज, डिस्ट्रिक्ट म्हणजे त्याच्या हद्दीतला भाग आणि ट्रस्टी म्हणजे त्याच्या बोर्डाचा मेंबर. आपल्याला हे जरा विचित्रच वाटतं. आपल्याकडे विद्यापीठाच्या सिनेटची निवडणूक होते पण त्यात नोंदणी केलेले पदवीधर, प्राध्यापक असे ठरलेले मतदार असतात. इथे कॉलेजचं तोंडही न बघितलेला माणूस मत देतो, आणि उभा पण राहू शकतो, फक्त त्या भागातला नोंदणीकृत मतदार पाहिजे.

याचं कारण असं की ही कॉलेजं विद्यापीठातून खाली आलेली नाहीत, हायस्कूलमधून वर वाढलेली आहेत. १९०१ मधे इलिनॉयमधल्या जोलिएट गावात हायस्कूलच्या प्रिन्सिपॉलने आणि शिकागो विद्यापीठाच्या अध्यक्षांनी, म्हणजे विल्यम रेनी हार्पर यांनी, मिळून असं ठरवलं की बारावी झालेल्या मुलांना तिथेच पुढची दोन वर्षं शिकवू. सुरुवात ६ विद्यार्थ्यांपासून. कॅलिफोर्नियाने १९०७ मधे कायदाच करून हायस्कूलांना ही परवानगी दिली आणि १९१० मधे फ्रेस्नोत पहिलं ज्युनियर कॉलेज (कम्युनिटी कॉलेजचं जुनं नाव, आपलं अकरावी-बारावीचं नव्हे) निघालं. थोडक्यात शाळेवर अजून एक मजला चढवला. आता शाळेचा कारभार आधीपासून लोकांनी निवडलेल्या स्कूल बोर्डाकडे, कारण शाळा चालायची घराजमिनीच्या टॅक्सवर आणि टॅक्स भरणारे म्हणणार पैसे आमचे तर माणसं पण आम्हीच निवडणार. मजला वाढला तसा मालक पण तोच राहिला.

१९२१ च्या कायद्याने कॉलेजला वेगळा डिस्ट्रिक्ट आणि वेगळं बोर्ड करायची सोय झाली, मोडेस्टोने ती लगेच वापरली, पण सगळ्यांनी नाही. लॉस एंजेलिससारखं अवाढव्य शहर, तिथलं सिटी कॉलेज १९२९ पासूनचं, तरी कॉलेजं १९६९ पर्यंत स्कूल बोर्डाच्याच पदराखाली. आणि सगळ्या राज्यांत निवडणूक असतेच असंही नाही बरं का. व्हर्जिनियात उभं राहायची सोयच नाही, तिथलं राज्य बोर्ड गव्हर्नर नेमतो. इलिनॉयमधे गावोगावची बोर्डं निवडून येतात पण शिकागो शहरातलं बोर्ड मेयर नेमतो. एकाच राज्यात दोन तऱ्हा.

आता १९६९ चा किस्सा, कारण या सगळ्या इतिहासातला सगळ्यात मजेदार भाग तोच. लॉस एंजेलिसची कॉलेजं शाळांपासून वेगळी झाली, नवीन बोर्ड आलं, जागा ७ आणि उमेदवार किती तर १३३! पक्षाचं नाव नाही, चिन्ह नाही, बोर्डच नवं त्यामुळे आधीचा कोणी मेंबरही नाही, आणि निवडणूक अख्ख्या डिस्ट्रिक्टमधून. मतदाराने करायचं काय? १३३ जणांची माहिती कोण काढत बसणार, ओळखीचं नाव दिसलं की फुली मारणार. त्यात एक नाव होतं ब्राउन, धंदा वकिली. वडील पॅट ब्राउन दोन टर्म गव्हर्नर राहून १९६६ मधे रेगनकडून हरलेले. बापलेकांचं नावही एकच, एडमंड जी. ब्राउन, फक्त मुलाच्या पुढे ज्युनियर. हा जेरी ब्राउन पहिल्या नंबरने आला, पुढच्याच वर्षी राज्याचा सेक्रेटरी ऑफ स्टेट (राज्यातल्या निवडणुका बघणारं पद) म्हणून निवडून आला, आणि १९७५ मधे गव्हर्नर. त्याच पहिल्या बोर्डावर माइक अँटोनोविच पण होते, ते पुढे १९८० पासून ३६ वर्षं काउंटीचे, म्हणजे जिल्ह्याचे, सुपरवायझर, म्हणजे जिल्ह्याचा कारभार बघणाऱ्या निवडून आलेल्या मंडळाचे मेंबर. तेव्हापासून ही जागा म्हणजे राजकारणाची पहिली पायरी असं लोकांच्या डोक्यात बसलं ते बसलंच. अगदी अलीकडे सिडनी कॅमलेगर-डव २०१५ मधे याच बोर्डावर आल्या आणि २०२२ मधे काँग्रेसवर निवडून गेल्या.

नुसत्या नावावर मतं पडण्याचा दुसरा नमुना ह्यूस्टनचा, आणि तो जरा कडू आहे. २०१३ मधे डेव्ह विल्सन नावाचा गोरा कॉन्झर्व्हेटिव्ह माणूस बहुसंख्य काळ्या मतदारांच्या भागातून उभा राहिला, पत्रकांवर स्वतःचा फोटो न टाकता काळ्या लोकांचे हसरे फोटो टाकले, आणि २६ मतांनी निवडून आला. पुढे बोर्डाशी त्याचं इतकं वाजलं की बोर्डाने त्याच्या निषेधाचा ठराव केला आणि ते भांडण थेट सुप्रीम कोर्टात गेलं. २०२२ मधे कोर्टाने एकमताने सांगितलं की बोर्डाने आपल्याच मेंबरचा निषेध केला म्हणजे त्याच्या बोलण्याच्या स्वातंत्र्यावर घाला पडत नाही.

सुप्रीम कोर्टात त्याआधीही एक मोठी केस झाली होती, १९७० ची, मिसुरीतली. कॅन्सस सिटीचा ज्युनियर कॉलेज डिस्ट्रिक्ट अनेक शाळा डिस्ट्रिक्ट मिळून झालेला. त्यातल्या शाळेच्या वयाच्या मुलांपैकी साधारण ६०% एकट्या कॅन्सस सिटी शाळा डिस्ट्रिक्टमधे, पण ६ ट्रस्टींपैकी त्यांना फक्त ३. कोर्टाने ५ विरुद्ध ३ असा निकाल दिला की हे बोर्ड टॅक्स लावतं, कर्जरोखे काढतं, शिक्षक नेमतं आणि काढतं, म्हणजे हे सरकारच आहे, तेव्हा एक माणूस एक मत हा नियम इथेही लागणार. माझ्या मते या पदाला खरं वजन दिलं ते या निकालाने, पण तो फारसा कुणाला माहीत नसतो.

गंमत म्हणजे वजन मिळालं आणि आठ वर्षांत कॅलिफोर्नियात पैसाच हातातून गेला. जून १९७८ मधे प्रपोझिशन १३ (प्रपोझिशन म्हणजे थेट मतदारांपुढे ठेवलेला प्रस्ताव) पास झालं, प्रॉपर्टी टॅक्सला १% ची मर्यादा, बोर्डाला टॅक्सचा दर ठरवायचा अधिकारच उरला नाही. पैसा सॅक्रामेंटोहून, म्हणजे राज्याच्या राजधानीतून, वाटला जाऊ लागला आणि निवडणूक मात्र गावातच राहिली. १९८४ पर्यंत फी नव्हती, ती पण आली, आणि ती ठरवतं राज्य, बोर्ड नाही. मग बोर्डाकडे राहिलं काय तर कॉलेजचा प्रेसिडेंट नेमणं आणि युनियनशी पगाराची बोलणी करणं, कारण १९७५ च्या कायद्याने शिक्षकांना सामुदायिक वाटाघाटीचा हक्क मिळाला होता. साहजिकच युनियन निवडणुकीत उतरल्या. टेबलाच्या पलीकडे कोण बसणार हे अलीकडचे लोक ठरवायला मदत करतात. यात काही बेकायदा नाही, पण जरा अवघडच प्रकार आहे.

पैसा परत आला तो वेगळ्या दाराने. २००० मधे प्रपोझिशन ३९ ने बाँड, म्हणजे कर्जरोखे, पास करायला लागणाऱ्या मतांची अट दोन तृतीयांशवरून ५५% वर आणली आणि मग बांधकामाची लाटच आली. एकट्या लॉस एंजेलिसच्या डिस्ट्रिक्टने २००८ मधे ३५० कोटी डॉलरचा आणि २०२२ मधे ५३० कोटी डॉलरचा बाँड मतदारांकडून मंजूर करून घेतला. एवढ्या रकमेवर सही करणाऱ्या माणसाचं मानधन मात्र किरकोळ.

आणखी एक बदल म्हणजे २००१ चा कॅलिफोर्निया व्होटिंग राइट्स ॲक्ट. अख्ख्या डिस्ट्रिक्टमधून मतदान घेतलं की लॅटिनो, आशियाई वस्त्यांची मतं बुडून जातात, म्हणून खटल्याच्या धाकाने बऱ्याच बोर्डांनी डिस्ट्रिक्टचे तुकडे पाडून ट्रस्टी एरिया केले. आपल्याकडे महापालिकेत एक सदस्यीय की बहुसदस्यीय प्रभाग यावर दर वेळी जो घोळ चालतो, त्याचाच हा भाऊबंद. एरिया लहान झाल्यामुळे दारोदार फिरून निवडून येणं शक्य झालं.

बाकी उभं राहायची रीत सोपी आहे. अर्ज निवडणुकीच्या ११३ ते ८८ दिवस आधी काउंटीच्या ऑफिसात. मतपत्रिकेवर नावाखाली तुमचा व्यवसाय, साधारण तीन शब्दांत, त्यावरून पण वाद होतात. मतदारांच्या पुस्तिकेत स्वतःबद्दल परिच्छेद छापायचा तर बहुतेक ठिकाणी खर्च उमेदवाराचा, मोठ्या काउंटीत तो काही हजार डॉलरवर जातो. आणि एका जागेसाठी एकच अर्ज आला तर ती जागा मतपत्रिकेवर छापतच नाहीत, त्या माणसाची सरळ नेमणूक होते. बिनविरोधच, फक्त गुलाल नाही.