मानसशास्त्रीय संशोधन अहवाल

प्रयोग, सर्वेक्षण किंवा निरीक्षण कशासाठी केले, कसे केले, काय आढळले आणि त्यावरून काय म्हणता येते, हे ठरलेल्या क्रमाने मांडणारे लेखन म्हणजे मानसशास्त्रीय संशोधन अहवाल. लेखकाला काहीही न विचारता दुसऱ्या संशोधकाला तोच अभ्यास पुन्हा करता यावा आणि निष्कर्ष आकड्यांशी ताडून पाहता यावा, ही त्याची कसोटी.

मांडणीचे प्रचलित संकेत मुख्यतः अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनचे (एपीए) आहेत. १९२९ मध्ये ते ‘सायकॉलॉजिकल बुलेटिन’ या नियतकालिकात सात पानांत छापले गेले. २०१९ मध्ये त्यांच्या पुस्तिकेची सातवी आवृत्ती निघाली. शीर्षक, सारांश, प्रस्तावना, पद्धती, निष्पत्ती, चर्चा, संदर्भसूची आणि गरजेप्रमाणे परिशिष्टे असा हा क्रम असतो. तो वाचण्याचा क्रम झाला. लिहायला मात्र पद्धतीपासून घ्यावे, कारण तपशील ताजे असतात आणि त्यात मतप्रदर्शनाला वाव नसतो. सारांश सर्वांत शेवटी लिहावा.

प्रस्तावनेत विषयाचे महत्त्व थोडक्यात सांगून पूर्वीच्या संशोधनाकडे वळावे. एकेका अभ्यासाला एकेक परिच्छेद देत गेल्यास नुसती जंत्री तयार होते. कोणते अभ्यास एकमेकांशी जुळतात, कुठे विसंगती आहे आणि कोणता प्रश्न अनुत्तरित राहिला, यावर भर हवा. शेवटी परिकल्पना, म्हणजे अभ्यासातून तपासायचे अपेक्षित विधान, येते. ‘संगीताचा स्मृतीवर परिणाम होतो’ ही परिकल्पना ढोबळ आहे. ‘शांततेत शब्द पाठ करणाऱ्या गटापेक्षा गाणे ऐकत पाठ करणाऱ्या गटाला कमी शब्द आठवतील’ या वाक्यात तुलना, दिशा आणि मोजायची गोष्ट तिन्ही आहेत.

अहवालाचा कस लागतो तो पद्धतीच्या विभागात. सहभागींची संख्या, वयाचे मध्यमान (सरासरी) व प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती विखुरले आहेत त्याचे माप), लिंगनिहाय विभागणी आणि निवड कशी झाली हे द्यावे. किती जणांना वगळले, का वगळले आणि नमुन्याचा आकार आधी कशावरून ठरवला, हेही सांगावे लागते. नेमके हेच बहुधा गाळले जाते. चाचणी वापरली असल्यास विधानांची संख्या, प्रतिसादश्रेणी, उलट गुणांकनाची विधाने (ज्यांत सहमतीला कमी गुण मिळतात) आणि विश्वसनीयता, म्हणजे मोजमापातील सातत्य, नोंदवावी. चाचणीच्या पुस्तिकेतला विश्वसनीयता गुणांक जसाच्या तसा उतरवून भागत नाही. प्रस्तुत नमुन्यावरून काढलेला गुणांकही हवा, कारण विश्वसनीयता सहभागींना मिळालेल्या गुणांवर अवलंबून असते आणि नमुना बदलला की ती बदलू शकते.

कार्यपद्धती लिहिताना ‘सहभागींना शब्दांची यादी दाखवली’ एवढ्याने प्रयोग पुन्हा करता येत नाही. ‘पडद्याच्या मध्यभागी २० शब्द प्रत्येकी २ सेकंद दाखवले, दोन शब्दांमध्ये १ सेकंद पडदा कोरा ठेवला, नंतर १ मिनिट तीन-तीनने उलटी मोजणी करवली, मग ५ मिनिटांत आठवतील ते शब्द कोणत्याही क्रमाने लिहायला सांगितले’ यावरून करता येतो. सूचना शब्दशः द्याव्यात, लांबलचक असतील तर परिशिष्टात. गट यादृच्छिक पाडले असतील तर चिठ्ठ्या टाकून की संगणकाने, तेही लिहावे. लेखनदोष असलेला शब्द बरोबर धरला की चूक, यासारखे गुणांकनाचे नियम क्षुल्लक वाटतात, पण निकाल त्यांनीही बदलतो. संमती, नैतिक समितीची परवानगी आणि नंतर दिलेले स्पष्टीकरण यांची नोंद इथेच होते.

निष्पत्तीत आधी वर्णनात्मक आकडे, मग चाचणी. प्रत्येक गटात २० सहभागी असल्यास वाक्य असे होईल: ‘शांत गटाला (मध्यमान १४.२, प्रमाण विचलन ३.१) गाणे ऐकणाऱ्या गटापेक्षा (मध्यमान ११.९, प्रमाण विचलन २.८) अधिक शब्द आठवले; टी(३८) = २.४६, पी = .०१९, डी = ०.७८, फरकाचा ९५ टक्के विश्वास अंतराल ०.४१ ते ४.१९.’ टी हे दोन गटांतला फरक तपासणाऱ्या चाचणीचे मूल्य. प्रत्यक्षात फरक नसताना एवढा किंवा याहून मोठा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता म्हणजे पी, प्रमाण विचलनाच्या एककात मोजलेला फरक म्हणजे डी, आणि खरा फरक ज्या मर्यादांत असावा असा अंदाज आहे ती कक्षा म्हणजे विश्वास अंतराल. कंसातले ३८ म्हणजे स्वाधीनता मात्रा. दोन स्वतंत्र गटांच्या या चाचणीत एकूण सहभागींतून दोन वजा केल्यावर ती येते, त्यामुळे कुणी गुपचूप गळले असल्यास इथे उघड होते. पी एकापेक्षा मोठा होत नाही, म्हणून एपीए शैलीत दशांशचिन्हाआधी शून्य नसते. डी होऊ शकतो, म्हणून तिथे असते. संगणकाने ‘.०००’ दाखवले तरी पी शून्य नसतो, ‘पी <.००१’ असे लिहावे. तक्त्यातले आकडे मजकुरात पुन्हा मोजून दाखवू नयेत. पीचे मूल्य .०५ च्या वर गेले म्हणजे परिणाम नाही हे सिद्ध झाले, असेही नव्हे. या विदेतून (गोळा केलेल्या माहितीतून) पुरेसा पुरावा मिळाला नाही, एवढेच म्हणता येते.

चर्चेची सुरुवात परिकल्पनेला आधार मिळाला की नाही यापासून व्हावी. दोन गोष्टी सोबत बदलतात का एवढेच पाहणाऱ्या सहसंबंधाच्या अभ्यासात ‘मुळे’, ‘परिणामी’ असे कार्यकारण सुचवणारे शब्द नकळत शिरतात; ते शोधून काढावेत. ‘नमुना लहान होता’ ही मर्यादा जवळपास प्रत्येक अहवालात सापडते आणि एकटी फारशी उपयोगाची नसते. त्या मर्यादेने निष्कर्ष कोणत्या दिशेने झुकला असेल, ते सांगावे.

आकडे पाहिल्यावर सुचलेली परिकल्पना आधीपासूनचीच म्हणून मांडणे हा गंभीर दोष आहे. नॉर्बर्ट केर यांनी १९९८ मध्ये त्याला ‘हार्किंग’ हे नाव दिले. २०१५ मध्ये १०० मानसशास्त्रीय अभ्यासांच्या पुनरावृत्तीचा मोठा प्रकल्प प्रसिद्ध झाला. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत सार्थक निकाल (पी .०५ पेक्षा कमी) होता, पुनरावृत्तीत तो ३६ टक्क्यांतच मिळाला. त्यानंतर परिकल्पना व विश्लेषणाची योजना विदा गोळा करण्याआधी नोंदवण्यावर भर वाढला. योजनेबाहेरचे विश्लेषण करायला हरकत नाही, मात्र ते शोधात्मक असल्याचे स्पष्ट लिहावे.

संदर्भसूचीत मजकुरात उल्लेखलेलेच स्रोत असावेत आणि मजकुरातला प्रत्येक उल्लेख सूचीत सापडावा. सारांशाची मर्यादा सहसा २५० शब्दांची असते. विश्लेषण पुन्हा केल्यावर त्यातले आकडे बदलायचे राहून जातात, म्हणून ते निष्पत्तीशी एकेक करून जुळवावेत. ‘निष्कर्षांची चर्चा केली आहे’ हे वाक्य तिथे वाया जाते; बरेच वाचक सारांशापुढे जात नाहीत, तेव्हा निष्कर्षच तिथे द्यावा.