वाळवंटातला गोचीड: अडचण उन्हाची नाही, पाण्याची

गोचीड हा कीटक नाही. त्याला आठ पाय असतात. तो कोळी आणि विंचवाच्या गोतावळ्यातला. अंड्यातून नुकत्या निघालेल्या पिल्लाला मात्र सहाच पाय असतात, आणि तिथे गफलत होते. सहारापासून थरपर्यंत उंट-गुरांना छळणारे गोचीड मुख्यतः हायलोमा गटातले, पायांवर फिकट कडी असलेले. उंटावरच्या जातीचे वर्णन कोख या जर्मन अभ्यासकाने 1844 मध्येच केले होते. एवढासा जीव कोरड्या मुलखात महिनोन्‌महिने उपाशी टिकतो कसा, हे उलगडायला पुढे शंभरावर वर्षे गेली.

ब्रिटनचे अँथनी लीस यांनी 1946 मध्ये दोन गोष्टी दाखवल्या. कवचावरचा मेणाचा थर अंगातले पाणी अडवून धरतो. आणि सुकलेला गोचीड पाणी न पिताही, केवळ दमट हवेत राहून, गेलेले पाणी भरून काढतो. त्याला जातीनुसार साधारण 75 ते 90 टक्क्यांच्या वर आर्द्रता लागते. ही वाफ आत शिरते कुठून, याचे उत्तर रुडोल्फ आणि क्न्युल्ले यांनी 1974 मध्ये दिले: तोंडातून. गोचीड क्षारांनी दाट झालेली लाळ तोंडावर आणतो. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटते तसे तिला सुटते, आणि तो ते गिळतो.

म्हणूनच हायलोमा गवताच्या पात्यावर वाट पाहत बसत नाही. उंदराच्या बिळात, झुडपाखालच्या वाळूत, गोठ्याच्या भेगेत तो ओल धरून राहतो आणि श्वासाची, पावलांची चाहूल लागली की जनावराकडे धावत सुटतो. माणसाकडेही.

1944 मध्ये क्रिमियात शेतात राबणारे सोव्हिएत सैनिक रक्तस्रावी तापाने पडले. युद्धात पडीक राहिलेल्या रानात ससे वाढले होते आणि त्यांच्यावर गोचीड. 1956 मध्ये बेल्जियन काँगोत एका रुग्णाच्या रक्तात विषाणू सापडला, आणि 1969 मध्ये दोन्ही आजार एकच ठरले: क्रिमियन-काँगो ताप. भारतात तो जानेवारी 2011 मध्ये अहमदाबादजवळच्या साणंद तालुक्यात उघड झाला. निदान पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेचे. रुग्णापाठोपाठ उपचार करणारे डॉक्टर आणि परिचारिकाही दगावल्या. विषाणू रक्तात असतानाही जनावर आजारी दिसत नाही, हा यातला मोठा धोका.

नुसती जनावरावर केलेली फवारणी फसते ती भेगांमुळेच. रक्त पिऊन टम्म झालेली मादी खाली पडते, भेगेत शिरते आणि हजारो अंडी घालते. ती उबायला साधारण तीन-चार आठवडे लागतात, आणि बहुतेक औषधे अंड्यांना मारत नाहीत. त्यामुळे भेगा बुजवाव्या लागतात, भिंतींवरही औषध मारावे लागते आणि पिल्ले निघण्याच्या सुमारास पुन्हा फवारावे लागते. अंगाला चिकटलेला गोचीड काढताना रॉकेल नको, नखाखाली चिरडणेही नको. कातडीलगत चिमट्याने धरून, न पिळता, सरळ वर ओढावा. हातात मोजे असावेत.