शिवसागरावर मुक्कामाला येताय? आधी पाणी कुठवर आहे ते विचारा

बामणोलीजवळच्या आमच्या तंबू-मुक्कामाची चौकशी करणाऱ्या पाहुण्यांसाठी

फोनवर हमखास येणारा प्रश्न म्हणजे, "तंबू पाण्याला लागूनच आहेत ना?" याचं उत्तर तुम्ही कोणत्या महिन्यात येणार त्यावर आहे. शिवसागर म्हणजे कोयना धरणाचा फुगवटा. धरण भरलं की १०५.२५ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी असतं, आणि त्यातलं ६७.५ टीएमसीपर्यंत पाणी वर्षभरात वीजनिर्मितीसाठी डोंगराच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला, पोफळीच्या बाजूला जातं. पूर्वेकडे शेतीला सुटतं ते वेगळं. त्यामुळे ऑक्टोबरात जिथे लाटा आपटतात, तिथे मे महिन्यात गुरं चरत असतात. फोटो बघून येणाऱ्यांचा हिरमोड इथेच होतो, म्हणून हे सगळ्यात आधी सांगतोय.

पाणी मागे गेलं की तंबूही खाली न्या, असं काही जण सुचवतात. आम्ही नेत नाही. उघडी पडलेली गाळाची जमीन वरून भेगाळलेली, कडक दिसते. खुंटी ठोकली की वीतभर खाली ओला चिखल लागतो आणि वारा सुटला की खुंटी अलगद उपटून येते. आमचे तंबू नेहमी वरच्या बांधावर, आमच्या स्वतःच्या शेतात असतात. उन्हाळ्यात पाण्यापर्यंत चालावं लागतं, आणि परतताना चढ असतो. सोबत आजी-आजोबा असतील तर ऑक्टोबर ते जानेवारी या दिवसांतच या.

महिन्यांचं गणित तसं सोपं आहे. ऑगस्टच्या अखेरपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत कास पठारावर फुलं असतात. सातारा–कास–बामणोली असा एकच रस्ता, साताऱ्याहून सुमारे ३५ किलोमीटर. त्यातल्या ऑक्टोबरच्या दिवसांत येणार असाल तर शनिवार-रविवारी कासच्या गर्दीत तासन्‌तास अडकायची तयारी ठेवा, नाहीतर सरळ मंगळवार-बुधवार गाठा. पठारावर जायचं असेल तर त्याचं बुकिंग वेगळं करावं लागतं, ते आमच्याकडे होत नाही. डिसेंबर-जानेवारीत पाण्यावर धुकं साचतं, तंबूचं कापड पहाटे आतून ओलं होतं; आम्ही रजई देतो, पण कानटोपी तुमची तुम्ही आणा. एप्रिल-मेमध्ये पाणी कमी, पण गर्दीही कमी. आमच्या मते ज्यांना खरोखर निवांतपणा हवाय त्यांनी तेव्हाच यावं, आणि तारे बघायचे तर अमावास्येच्या आसपासची तारीख धरावी. जून ते सप्टेंबर आम्ही तंबू लावत नाही. एवढ्या पावसात पाहुण्यांना कापडाखाली झोपवणं आमच्या मनाला पटत नाही.

आता पाण्याबद्दल, आणि हा भाग जरा नीट वाचा.

आमच्याकडे मुक्कामाला आलेल्या कुणालाही पोहण्यासाठी पाण्यात उतरू देत नाही. पट्टीचे पोहणारे असाल तरीही नाही. धरण होण्याआधी इथे डोंगरउतारावरची शेतं होती. पाण्याखाली आजही जुने बांध आहेत, आणि बांध संपला की पुढचं पाऊल पुरुषभर खोलात जातं. काठावरून यातलं काही दिसत नाही, कारण वरचं पाणी अगदी शांत असतं. त्यात गाळ. पाय गुडघ्यापर्यंत रुतला की माणूस घाबरून ओढाओढ करतो आणि आणखी रुततो. मुलांना काठावर एकटं सोडू नका. खेकडे बघायला जायचं असेल तर आमच्या माणसाला हाक मारा, त्याला पक्क्या कातळाच्या जागा ठाऊक आहेत.

बोटीची सफर बामणोलीच्या बोट क्लबवरून होते, भाडं तिथेच भरायचं. कोयना, सोळशी आणि कांदाटी या नद्यांचा संगम तापोळ्याजवळ आहे, तिकडे जायचं तर सकाळी निघा. दुपारनंतर मोकळ्या पाण्यावर वारा धरतो आणि बोट चांगलीच हलते. लाइफ जॅकेट नुसतं गळ्यात अडकवू नका. पुढचे पट्टे आवळून घ्या. खांद्यांजवळ धरून वर ओढल्यावर ते हनुवटीपर्यंत सरकत असेल, तर ते सैल आहे.

वासोट्याला जायचं असेल तर आदल्या रात्री सांगा. किल्ला पलीकडच्या काठावर, कोयना अभयारण्यात म्हणजे सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत येतो. वनखात्याची परवानगी लागते, ओळखपत्र लागतं, आणि सोबतच्या प्लास्टिकची नोंद होते. परत येताना ते सगळं दाखवावं लागतं. बोटीने जायला तास-दीड तास, मग दाट जंगलातून चढ. गडावर मुक्काम करता येत नाही, अंधाराच्या आत बोटीत बसावंच लागतं, म्हणून सकाळची पहिली बोट धरा. पावसाळ्यात गड बंद असतो. नाश्ता आम्ही पहाटे बांधून देतो, फडक्यात.

जेवण घरचं: तांदळाची किंवा नाचणीची भाकरी, पिठलं, ठेचा, भात-आमटी. मासे मिळाले तर मासे. मिळतीलच असं आम्ही कबूल करत नाही. दारू आणि स्पीकर दोन्ही बंद. यावर घासाघीस करू नका. रात्री आवाज पाण्यावरून लांबवर जातो, आणि पलीकडे जंगल आहे. तंबूत खाऊ ठेवू नका, उंदीर पिशवी कुरतडतात. रात्री बाहेर पडताना बॅटरी हातात आणि पायात बूट हवेतच.

पेट्रोल साताऱ्यातच भरून घ्या, रोख पैसे जवळ ठेवा. मोबाइलला रेंज कधी असते, कधी नसते. ऑफिसचं काम घेऊन येणार असाल तर आमच्या भरवशावर येऊ नका. नेहमीची औषधं दोन दिवस जादा आणा.

बुकिंगला निम्मी रक्कम आगाऊ. अवकाळी पावसामुळे किंवा बोटी बंद राहिल्यामुळे तुम्ही येऊ शकला नाहीत, तर तारीख बदलून देतो किंवा पैसे परत करतो. ऐन वेळी बेत बदलला, तर तेवढ्या माणसांच्या जेवणाचा खर्च कापून उरलेले पैसे देतो. फोन करताना माणसं किती, त्यात लहान मुलं किती आणि गुडघेदुखी कुणाला आहे, एवढं सांगा. वरचा तंबू द्यायचा की खालचा, ते त्यावरून ठरवतो.