इंजिनाच्या फिरत्या संचाचे संतुलन

क्रँकशाफ्ट, कनेक्टिंग रॉड, पिस्टन, पुढचा डॅम्पर (कंपने शोषणारी चकती), मागचे फ्लायव्हील आणि क्लचची प्रेशर प्लेट हा मोटारीच्या इंजिनातला फिरता संच. तो वेगाने फिरताना बेअरिंगांवर नको तो मार बसू नये म्हणून त्यातल्या वजनांचा मेळ घालणे म्हणजे संतुलन. कारागिरांच्या बोलीत बॅलन्सिंग. जास्त फेऱ्यांवर चालवायच्या इंजिनात त्याला फार महत्त्व येते, कारण असंतुलनाचे बल फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. मध्यापासून ५० मिलिमीटरवर असलेले १० ग्रॅम जादा वजन मिनिटाला ६००० फेऱ्यांवर सुमारे २० किलोच्या भारासारखे ओढते, तर ८००० फेऱ्यांवर हाच आकडा ३६ किलोच्या आसपास जातो. आणि ही ओढ दर फेऱ्यात दिशा बदलत राहते.

सरळ चार सिलिंडरांच्या इंजिनात दोन पिस्टन वर जाताना दोन खाली येतात, त्यामुळे पहिल्या क्रमाची, म्हणजे दर फेरीला एकदा येणारी, बले एकमेकांना मारतात. उरते ते दुप्पट वेगाने येणारे दुय्यम कंपन. काउंटरवेट, म्हणजे क्रँकवरची भरपाईची वजने, कितीही घडवली तरी ते जात नाही. त्यासाठी दुप्पट वेगाने, एकमेकांच्या उलट दिशेने फिरणारे दोन शाफ्ट लागतात. ही युक्ती ब्रिटिश अभियंते फ्रेडरिक लँचेस्टर यांची. मित्सुबिशीने १९७०च्या दशकात ती पुन्हा रुळवली. सरळ सहा सिलिंडरांच्या इंजिनात दोन्ही क्रमांची बले आपोआप मिटतात. अशा सरळ इंजिनांचा क्रँक मशीनवर नुसताच फिरवून तपासता येतो.

काटकोनी क्रँकच्या, म्हणजे रॉड जिथे बसतात त्या क्रँकपिना ९० अंशांवर असलेल्या, व्ही-८ इंजिनाचे तसे नाही. त्याच्या क्रँकपिनांवर खोटी वजने, म्हणजे बॉबवेट, बांधल्याशिवाय मशीनवरचा आकडा निरर्थक ठरतो. बॉबवेटचा हिशेब असा : पिनवर गोल फिरणारे वजन पूर्ण धरायचे आणि वर-खाली जाणारे निम्मे. समजा पिस्टन ४५० ग्रॅम, गजन पिन (पिस्टनला रॉडशी जोडणारी) १२०, रिंगा ४० आणि रॉडचे लहान टोक १८०. म्हणजे ७९० ग्रॅम वर-खाली जाणारे. रॉडचे मोठे टोक ४२० आणि बेअरिंग ४५, म्हणजे ४६५ फिरणारे. एका पिनवर दोन रॉड असल्याने ९३० अधिक ७९०, शिवाय तेलाचे अंदाजे ५ ग्रॅम : एकूण १७२५. काही रेसिंगवाले निम्म्याऐवजी एक-दोन टक्के जास्त धरतात. त्यावर वाद रंगतात खरे, पण आठही पिस्टन आणि रॉडची दोन्ही टोके वेगवेगळी तोलून ग्रॅमभराच्या आत जुळवलेली नसतील, तर टक्क्याच्या वादाला अर्थ नाही. जुळवताना सर्वांत हलका भाग प्रमाण मानून बाकीचे घासतात.

खरी निवड यानंतरची : भरपाईचे वजन कुठे ठेवायचे? अंतर्गत संतुलनात ते सगळे क्रँकच्या काउंटरवेटांत असते. डॅम्पर आणि फ्लायव्हील तटस्थ. बाह्य संतुलनात काही वाटा या दोघांवर टाकलेला असतो. बाह्य पद्धत बहुधा जागेच्या अडचणीतून आली. शेवरोलेच्या ४०० घन इंची ‘स्मॉल ब्लॉक’ व्ही-८ इंजिनाचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, ३५० घन इंचीपेक्षा लांब, पण ब्लॉकमध्ये काउंटरवेट वाढवायला जागा नाही, म्हणून दोन्ही टोकांना वजन लावावे लागले. रोजच्या वापराला हे चालते. पण वरच्या फेऱ्यांवर टोकांची वजने क्रँकला वाकवू पाहतात. तिथे अंतर्गत संतुलनच पत्करावे.

त्याची किंमत टंगस्टनच्या रूपात मोजावी लागते. काउंटरवेट जड झाले असेल तर भोक पाडून काम भागते : २५ मिलिमीटर व्यासाच्या, २० मिलिमीटर खोल भोकाने सुमारे ७७ ग्रॅम पोलाद निघते. हलके पडत असेल तर त्याच भोकात टंगस्टनची मिश्रधातू बसवतात आणि मूळ वजनावर साधारण ९० ग्रॅमची भर पडते. शक्य तिथे हे भोक क्रँकच्या अक्षाला समांतर घेतात. बाहेरून आत पाडलेल्या भोकातला तुकडा केंद्रोत्सारी बलाने निसटू पाहतो. म्हणूनच पिस्टन-रॉडची निवड आधी आणि क्रँकची खरेदी नंतर : हलके पिस्टन घेतले तर टंगस्टनची गरजच टळू शकते.

बाह्य पद्धतीत सुटे भाग बदलताना गफलत होते. फोर्डच्या ३०२ घन इंची इंजिनाला आधी २८ औंस-इंचाचे (वजन गुणिले मध्यापासूनचे अंतर) असंतुलन असलेले डॅम्पर व फ्लायव्हील लागे, १९८०च्या दशकाच्या सुरुवातीपासून ५०चे. एका प्रकारचे भाग दुसऱ्या प्रकारच्या इंजिनावर बोल्टने नीट बसतात आणि इंजिन थरथरू लागते. डॅम्परला सर्रास ‘बॅलन्सर’ म्हणतात, तेही दिशाभूल करणारे. त्याचे मुख्य काम क्रँकची पीळकंपने शोषण्याचे. तटस्थ डॅम्पर संतुलन करत नाही, ते बिघडू न देणे एवढेच त्याच्याकडे असते.

प्रेशर प्लेट मात्र अनेकदा विसरली जाते. संचासोबत तोलून झाल्यावर ती आणि फ्लायव्हील यांवर जोडखूण करतात, म्हणजे क्लच उघडल्यावर ती पुन्हा त्याच भोकांवर बसते.