तावदान फुटलं आणि काच वाचायला शिकलो

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या साताऱ्याच्या जुन्या घराची बोळाकडची खिडकी फुटली. सीझन बॉल थेट आत आला, पलंगाखाली गेला, आणि दोन मिनिटांनी दारात चार पोरं मान खाली घालून उभी. कुणाला लागलं नाही ना बघितलं आणि आधी सगळ्यांना चपला घालायला लावल्या. मोठे तुकडे दिसतात हो, पण सुईएवढ्या कपच्या चार-पाच हात लांब उडालेल्या असतात. मोठे तुकडे जाड हातमोजे घालून उचलले, बारीक कपच्यांसाठी खोलीत अंधार केला आणि टॉर्च फरशीला टेकवून तिरपा धरला, मग त्या लगेच चमकतात, आणि कणकेच्या गोळ्याने एकेक टिपल्या. झाडू नको, झाडूत अडकलेली कपची उद्या दुसऱ्या खोलीत जाते. सगळं चार पदरी वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात भरलं, वर मोठ्या अक्षरात ‘काच’ लिहिलं आणि घंटागाडीवर वेगळं हातात दिलं. तिथल्या ताई कचरा हाताने निवडतात, त्यांच्या बोटांची काळजी आपणच घ्यायची.

चौकटीत अर्धी काच अजून उभी होती. बॉल लागला तिथून सूर्याच्या किरणांसारख्या भेगा चौफेर गेलेल्या, आणि त्यांना जोडणाऱ्या गोलाकार भेगा, कोळ्याच्या जाळ्यासारख्या. हे असंच का होतं? बॉल काचेवर आदळला की काच क्षणभर आत वाकते, म्हणजे बॉलच्या बाजूचा पृष्ठभाग दाबला जातो आणि घराच्या आतल्या बाजूचा ताणला जातो. काचेला दाब भरपूर सहन होतो, ताण मात्र फार कमी, त्यामुळे पहिली भेग बॉल लागला त्याच्या उलट्या बाजूला सुरू होते आणि किरणांसारखी पसरत जाते. मग दोन किरणांमधले त्रिकोणी तुकडे आणखी आत ढकलले जातात आणि मोडतात, त्या गोल भेगा. साध्या काचेत भेग जास्तीत जास्त सेकंदाला दीड किलोमीटरच्या आसपास वेगाने धावते, म्हणजे दोन फुटांची काच पार करायला तिला एका सेकंदाचा हजारावा भागसुद्धा लागत नाही. फ्रान्समधल्या मार्सेलच्या संशोधकांनी २०१३ मध्ये प्लेक्सीग्लास (काचेसारखं पारदर्शक प्लास्टिक) आणि काचेच्या पातळ पत्र्यांवर वेगवेगळ्या वेगाने पोलादी गोळ्या मारून या किरणांसारख्या भेगा मोजल्या, वेग जास्त तर भेगा जास्त असं त्यात दिसलं.

एक त्रिकोणी तुकडा मी पोरांना भिंगाखाली दाखवला. काचेचा चेहरा नाही, तिची मोडलेली कड बघायची. कडेवर बारीक वळणदार लाटा दिसतात, ओल्या वाळूवर पाणी ओसरल्यावर उमटतात तशा. किरणाच्या भेगेत या लाटा एका बाजूला काटकोनात टेकतात आणि दुसऱ्या बाजूला तिरप्या निसटत जातात, आणि काटकोनाची बाजू ती माराच्या विरुद्धची. आमच्या तुकड्यात काटकोन घराच्या आतल्या बाजूला होता, म्हणजे मार बाहेरून. न्यायवैद्यक प्रयोगशाळेत खिडकी आतून फोडली की बाहेरून हे याच खुणेवरून ठरवतात, आणि दोन मार असतील तर नंतरची भेग आधीच्या भेगेपाशी येऊन थांबते, त्यामुळे आधी कुठला लागला तेही कळतं. पोरं अर्धा तास तिथून हलली नाहीत.

आता खरा मुद्दा, जो कळला की काच बसवण्यातली प्रत्येक कृती आपोआप समजते. काच फुटते ती तिच्यावरच्या ओरखड्यापासून. इंग्लंडमध्ये फार्नबरोला विमानांच्या संशोधन केंद्रात काम करणाऱ्या ग्रिफिथ नावाच्या इंजिनिअरने १९२० च्या सुमारास काचेचे तंतू ओढून त्यांची ताकद मोजली. एक मिलिमीटर जाडीच्या काडीपेक्षा तीनेक मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) तंतू, चौरस इंचाच्या हिशोबाने, जवळजवळ वीसपट ताण सहन करत होता! पदार्थ तोच, मग बारीक तंतू जास्त भक्कम कसा? त्याने मांडलं की काचेत डोळ्याला न दिसणाऱ्या चिरा असतात, जाड काडीत मोठी चीर सापडण्याची शक्यता जास्त, आणि सगळा ताण त्या चिरेच्या टोकाशी येऊन गोळा होतो. कापडवाला काय करतो आठवा, कात्रीने काठाला जरासा छेद देतो आणि टर्रकन फाडतो. शांपूची पुडी खाच सापडेपर्यंत दाताने पण फाटत नाही आणि खाच सापडली की बोटांनी फाटते. लोखंडात अशा टोकाशी अणूंचे थर एकमेकांवरून थोडे सरकतात आणि टोक बोथट होतं. काचेत अणूंची तशी ओळीत रचनाच नाही, सरकायला जागा नाही, म्हणून टोक धारदारच राहतं आणि भेग निघाली की निघाली.

हे डोक्यात ठेवून काचवाल्या काकांच्या दुकानात काच कापताना बघितली तर डोळे उघडतात. कापणं म्हणतो आपण, पण काच कापत नाहीत, तिला हवी तिथे चीर पाडून मोडतात. पूर्वी हे काम हिरकणीने व्हायचं, म्हणजे दांड्याला बसवलेल्या हिऱ्याच्या कणाने, आता टंगस्टन कार्बाइडचं बारीक चाक असतं. काकांनी चाक रॉकेलमध्ये बुडवलं, पट्टी लावली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदाच, एका दमात रेघ ओढली, किर्रर्र असा एकसारखा आवाज. रेघ केसासारखी हवी, पांढरी भुकटी उडाली म्हणजे जोर जास्त झाला. त्याच रेघेवरून परत चाक फिरवलं की कडेला आडव्यातिडव्या चिरा पडतात आणि काच भलतीकडे जाते, शिवाय चाकही खराब होतं. रेघ मारल्यावर काका थांबत नाहीत, लगेच टेबलाच्या काठावर रेघ आणतात आणि दोन्ही हातांनी खाली दाब देतात, रेघेची बाजू ताणली जाते आणि टक् करून सरळ दोन तुकडे. थांबलं तर रेघ ‘थंड पडते’ असं ते म्हणतात आणि ते खरंच आहे, चाकाने रेघेखाली दाबून ठेवलेला ताण बाजूच्या बारीक कपच्या सुटत सुटत सैल होत जातो, मग काच मनासारखी मोडत नाही.

मी ज्या तुकड्याची कड बघत होतो ती हिरवट दिसत होती, तुमच्याही खिडकीची दिसेल. समोरून काच बिनरंगी आणि कडेने हिरवी, कारण वाळूत थोडं लोह असतंच आणि कडेने बघताना उजेड काचेतून कितीतरी जास्त लांब प्रवास करून येतो. खिडकीच्या काचेत सत्तर टक्क्यांच्या वर सिलिका म्हणजे वाळू, बाकी मुख्यतः सोडा आणि चुना. आज मिळणारी सपाट काच फ्लोट पद्धतीची, इंग्लंडमधल्या पिल्किंग्टन कंपनीने १९५९ मध्ये ती जाहीर केली. वितळलेली काच वितळलेल्या कथलावर ओततात, ती पाण्यावरच्या तेलासारखी पसरते आणि दोन्ही बाजूंनी आपोआप गुळगुळीत होते, घासायचं कामच नाही. कथील २३२ अंशांना वितळतं आणि काच ६०० अंशांच्या आसपास उचलता येईल इतकी घट्ट होते, म्हणून हे जमतं. जुन्या वाड्यांतल्या काचांमधून बाहेरचं झाड लाटा लाटांचं दिसतं ते काच शतकभरात ओघळली म्हणून नाही बरं का, ती तयारच तशी कमी-जास्त जाडीची झाली होती. घरातल्या तापमानाला काच वाहत नाही, ही समजूत आता सोडून द्यायला हवी.

दुकानात जाण्याआधी एक गोष्ट बघायचीच. बाथरूम, बाल्कनीचं दार, मोठे स्लायडर इथे बऱ्याचदा टफन्ड काच असते, कोपऱ्यात बारीक शिक्का असतो. ही काच ६०० अंशांच्या वर तापवून हवेच्या झोताने झटकन गार करतात, बाहेरचा थर आधी घट्ट होतो, आतला नंतर आकसतो आणि बाहेरच्याला कायमचा आवळून धरतो. म्हणजे पृष्ठभागावरच्या चिरा आधीच दाबून बंद. कंदिलाच्या गरम काचेवर पाण्याचा थेंब पडला की ती तडकायची ना, आमच्याकडे ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील होता आणि आजी पावसाळ्यात तो पागोळ्यांपासून लांब ठेवायची, तिथे गोष्ट उलटी होती, थेंबाखालची जागा आकसायला बघायची पण बाजूची गरम काच तिला आकसू देत नव्हती, म्हणून तिथे ताण यायचा आणि चीर उघडायची. टफन्ड काच नंतर कापता येत नाही, भोकही पाडता येत नाही, आतला ताण सुटतो आणि सगळीचा चुरा होतो. माप देऊन तयार करून घ्यायची, आणि जिथे ती होती तिथे स्वस्त पडते म्हणून साधी काच अजिबात बसवू नका, साध्या काचेचे सुरे होतात, टफन्डचे बोथट खडे.

आमची खिडकी साधी, सागवानी झडप, काच चार एमएम. अठरा बाय चोवीस इंचाची, म्हणजे वजन पावणेतीन किलो, कारण काच पाण्याच्या अडीचपट जड. दुसऱ्या किंवा तिसऱ्या मजल्याची खिडकी असेल तर झडप बिजागऱ्यांतून काढून खाली आणूनच काम करा, शिडीवर उभं राहून काच धरणं हे धाडस नको.

जुनी लांबी काढणं हे सगळ्यात वेळखाऊ काम. (लांबी म्हणजे काच चौकटीत पक्की धरणारा खडू-तेलाचा गोळा, रंगारी-सुतारांची लांबी, दुकानात पुट्टी म्हणून मागाल तर भिंतीची पांढरी पावडर देतील, ती नव्हे.) उरलेल्या काचेवर दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावली, डोळ्यांवर गॉगल चढवला, तुकडे हलवून हलवून बाहेर काढले, मग पटाशीने लांबी खरवडली. दगडासारखी झाली होती. चुका, म्हणजे काच धरणारे बारीक खिळे, पकडीने उपटल्या. खाच एकदम साफ झाली पाहिजे, एखादा लांबीचा खडा राहिला तर काच त्या एका बिंदूवर टेकते, सगळा ताण तिथे, आणि कधीतरी झडप आपटली की तिथूनच तडा. काच बसवल्यावर ‘आपोआप तडकली’ अशी तक्रार येते त्यात बऱ्याचदा हेच निघतं.

माप तीन-तीन ठिकाणी घ्या, वर, मध्ये, खाली, आणि सगळ्यात लहान धरा. दोन्ही कर्ण पण मोजा, जुनी चौकट काटकोनात असेलच असं नाही, आमच्या खिडकीचा एक कर्ण दोन सूत जास्त निघाला. मग लहान मापातून एक सूत, म्हणजे तीनेक मिलिमीटर कमी करून काच कापून घ्यायची. आपल्याकडे पावसाळ्यात लाकूड फुगतं, उन्हाळ्यात मोजून अगदी फिट्ट बसवलेली काच आषाढात आवळली जाते. ॲल्युमिनियमच्या खिडकीत कारण वेगळं पण गोष्ट तीच, उन्हात ॲल्युमिनियम काचेच्या अडीचपट प्रसरण पावतं, म्हणून तिथे काच आणि धातू यांच्यामध्ये रबराची पट्टी.

काच बसवताना उघड्या लाकडाला आधी प्रायमर मारला, नाहीतर लाकूड लांबीतलं तेल शोषून घेतं आणि लांबी भुसभुशीत होते. लांबी मळायची खडूची पूड आणि जवसाचं तेल घालून, कणीक तिंबतो तशी, हाताला चिकटायची थांबेपर्यंत. खाचेत आधी तिचा पातळ थर, त्यावर काच ठेवून फक्त कडांवर दाबायची, मधोमध कधीच नाही. मग वीतभर अंतराने चुका, हातोडी काचेवर सपाट सरकवत सरकवत ठोकायच्या, उचलून नाही. वरून लांबीची दोरी लावून चाकूने तिरपी ओढली की पाणी वाहून जाणारा उतार तयार.

जवसाचं तेल पाण्यासारखं उडून जाऊन सुकत नाही. त्याचे रेणू हवेतला ऑक्सिजन घेतात आणि एकमेकांना जोडले जातात, सुरुवातीला तर त्याचं वजन वाढतं! पण या क्रियेत उष्णता बाहेर पडते. तेलाची चिंधी बोळा करून कोपऱ्यात टाकली तर आतली उष्णता बाहेर जाऊ शकत नाही, वाढत जाते, आणि चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. हे अतिशयोक्तीने सांगत नाही, जगभर यामुळे आगी लागलेल्या आहेत. चिंधी उघडी, पसरून, बाहेर वाळत घाला. माझी दुसऱ्या दिवशी पापडासारखी कडक झाली होती.

लांबी मात्र निवांत घट्ट होते. पंधरा दिवसांनी नखाने दाबून बघितलं, वर साय धरली होती, मग ऑइलपेंट मारला आणि ब्रश मुद्दाम काचेवर दोन मिलिमीटर पुढे नेला. चिरेच्या टोकाशी ताणलेले सिलिकॉन-ऑक्सिजनचे बंध पाण्याचा रेणू तोडतो, म्हणून ताणाखालची ओली चीर कोरड्या चिरेपेक्षा लवकर पुढे सरकते, प्रयोगशाळेत काचेची नळी मोडताना ओरखड्याला पाण्याचं बोट लावतात ते यासाठीच. काचेवरच्या सगळ्यात जास्त चिरा असतात तिच्या कापलेल्या कडेला, आणि साताऱ्याचा पाऊस झोडपतो तोही तिथेच. रंगाची ती दोन मिलिमीटरची रेघ त्या कडेपर्यंत पाणी जाऊ देत नाही.