जुन्या पॉकेट कॅल्क्युलेटरची सफाई व दुरुस्ती (नाशिक)

१९७० च्या दशकातले आणि १९८० च्या सुरुवातीचे खिशात मावणारे कॅल्क्युलेटर उघडून, साफ करून पुन्हा चालते करण्याचे काम. हे काम नाशिकमध्ये करण्यासारखे आहे, कारण इथल्या कामधंद्यात आकडेमोड रोजची होती. नाशिकरोडचे नोटा व मुद्रांक छापणारे कारखाने, ओझरचा विमान कारखाना, दिंडोरी रस्त्यावरची ‘मेरी’ ही अभियांत्रिकी संशोधन संस्था, सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहती. तिथून निवृत्त झालेल्यांच्या कपाटात, लॉग टेबल आणि स्लाइड रूलशेजारी, असे यंत्र पडून असण्याची शक्यता मोठी. भंगारात घालण्याआधी ते एकदा उघडून पाहावे.

हातात धरता येईल असा पहिला नमुना टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये जॅक किल्बी यांच्या गटाने १९६७ मध्ये तयार केला. १९७१ मध्ये जपानच्या बिझिकॉम कंपनीचा ‘हँडी’ आला. १९७२ मध्ये ह्यूलेट-पॅकार्ड (एचपी) कंपनीचा ३९५ डॉलरचा एचपी-३५ आणि १२,८०० येनचा, सहाच आकडे दाखवणारा कॅसिओ मिनी आला. पुढच्या काही वर्षांत किमती झपाट्याने उतरल्या.

यंत्र बंद पडण्याचे सगळ्यात नेहमीचे कारण म्हणजे आत विसरलेले सेल. सफाईला हात घालण्याआधी कोणता सेल फुटला आहे ते पाहायला हवे, कारण त्यावर सगळा उपाय ठरतो. अल्कलाइन आणि निकेल-कॅडमियम सेलमधून पोटॅशियम हायड्रॉक्साइड झिरपते. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून त्याचा पांढरा, खरखरीत थर जमतो. हा अल्कधर्मी थर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या कॉटन बडने निघतो, थोडा फेसही येतो. साध्या पेन्सिल सेलमधली, म्हणजे झिंक-कार्बनची, गळती मात्र आम्लधर्मी असते. तिथे व्हिनेगर नको, खायच्या सोड्याचे पाणी लागते. दोन्ही वेळी शेवटी इन्व्हर्टरमध्ये घालतात त्या डिस्टिल्ड वॉटरने पुसावे, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल फिरवून पूर्ण वाळू द्यावे. हातमोजे आणि चष्मा घालूनच हे करावे.

वरचा थर निघाला म्हणजे काम झाले असे नाही. गळती तारेच्या आवरणाखालून आत सरकते. स्प्रिंग चकचकीत दिसते, पण तिला जोडलेल्या तारेचे टोक सोलले की आतले तांबे काळे किंवा हिरवट पडलेले असते. त्या तारेवर सोल्डर धरत नाही. चांगले तांबे दिसेपर्यंत तार कापावी, नाहीतर बदलावी. स्प्रिंग आणि पत्री बारीक पॉलिश पेपरने हलकेच घासाव्यात, जोरात घासल्यास वरचा निकेलचा मुलामा जातो आणि पुन्हा गंज धरतो.

स्क्रू बहुधा रबरी पायांखाली किंवा मागच्या लेबलाखाली लपलेले असतात. त्या काळच्या चिपना स्थिर विजेचा झटका सोसत नाही. नाशिकची थंडी कोरडी असल्याने डिसेंबर-जानेवारीत अंगावर ही वीज सहज साठते. म्हणून काम सुरू करताना अर्थिंग असलेल्या धातूला हात लावावा, आणि स्वेटर घालून बसू नये. कळा काढून साबणाच्या कोमट पाण्यात धुता येतात. एचपीच्या जुन्या कळांवरचे आकडे दोन रंगांच्या प्लास्टिकमधून साच्यातच घडवलेले असल्याने घासून जात नाहीत. नुसत्या छापील आकड्यांवर मात्र अल्कोहोल लावू नये, आणि अ‍ॅसिटोन कुठेच नको, ते एबीएस प्लास्टिक विरघळवते.

डिस्प्लेवरून पुढची दिशा ठरते. लाल एलईडी सहसा टिकतात. हिरवट-निळ्या व्हॅक्यूम फ्लुरोसंट नळीला सेलपेक्षा बराच जास्त व्होल्टेज लागतो. तो तयार करणारे सर्किट आणि त्यातले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर आधी तपासावेत. एलसीडीचे आकडे अर्धवट दिसत असतील तर काच आणि सर्किट जोडणारी काचेखालची रबरी ‘झेब्रा’ पट्टी अल्कोहोलने पुसल्यावर बरेचदा पूर्ण दिसू लागतात. काचेच्या कडेने काळा डाग पसरला असेल तर ती काच गेली. दुसऱ्या यंत्रातूनच आणावी लागते.

चाचणीसाठी सगळ्या घरांत ८ भरावा, म्हणजे प्रत्येक रेघ उजळते की नाही ते कळते. सुरुवातीच्या एचपी-३५ वर २.०२ चा नैसर्गिक लॉगरिथम घेऊन उलट क्रिया केली की २.०२ ऐवजी २ येतात. हा बिघाड नाही, मूळ प्रोग्राममधलीच चूक आहे. असे यंत्र सापडले तर ते जपावे. शिवाय एचपी-३५ सेलविना नुसत्या चार्जरवर कधी चालवू नये, आतले भाग जळू शकतात.

पिवळे पडलेले प्लास्टिक हायड्रोजन पेरॉक्साइड आणि उन्हाने उजळवण्याची पद्धत लोकप्रिय आहे. ती बहुतेक वेळा टाळावी. रंग ठिकठिकाणी उडतो, काही काळाने पिवळेपणा परत येतो, आणि वापरणाऱ्याच्या हाताची झिजेची खूण कायमची जाते. मागे खिळ्याने कोरलेले नाव किंवा कार्यालयाचा क्रमांक असेल तर तो मुळीच पुसू नये. ते यंत्र कुठे कामाला होते याचा बहुधा तेवढाच पुरावा उरलेला असतो.

पावसाळ्यात त्र्यंबक-इगतपुरीकडची घरे ओल धरतात, शहरातही कपाटांना वास येतो. त्यामुळे जूनच्या आधीच सेल काढून यंत्र सिलिका जेलच्या पुडीसह बंद डब्यात ठेवावे. चामड्याच्या किंवा रेक्झिनच्या पाकिटात ठेवू नये, त्यात बुरशी लवकर धरते. काढलेले निकेल-कॅडमियम सेल घंटागाडीतल्या रोजच्या कचऱ्यात टाकू नयेत. कॅडमियम विषारी आहे, आणि २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुने सेल वेगळे ठेवून अधिकृत संकलनाकडेच द्यावे लागतात.