खोक्यावरचा आकडा आणि तारेची लांबी

डायल-अप मोडेमची ती चिरचिर आठवते? माणसाच्या बोलण्यासाठी राखलेल्या ३०० ते ३४०० हर्ट्झच्या पट्ट्यातच त्याला सगळी माहिती कोंबावी लागे, म्हणून वेग फार तर ५६ केबीपीएस. टेलिफोनची तांब्याची तार मात्र याहून बरंच काही वाहू शकत होती. आवाजाच्या वरचा तो मोकळा पट्टा एडीएसएलने, म्हणजे त्याच तारेवरून वेगवान इंटरनेट देणाऱ्या पद्धतीने, कामाला लावला.

एडीएसएल मोडेम १.१ मेगाहर्ट्झपर्यंतच्या पट्ट्याचे २५६ अरुंद भाग पाडतो आणि सुरू होताना एकेक भाग चाचपून बघतो. स्वच्छ भागावर एका खेपेला १५ बिट लादतो, खरखर असेल तिथे दोन-तीन, आणि अगदीच वाईट भाग सोडून देतो. अशा खेपा सेकंदाला सुमारे ४०००. म्हणजे एकच चांगला भाग ६० केबीपीएस नेतो, अख्ख्या डायल-अपपेक्षा जास्त! मोडेमचा दिवा सुरुवातीला बराच वेळ लुकलुकतो, तेव्हा हीच चाचपणी चाललेली असते.

एडीएसएल२+ या पुढच्या आवृत्तीने हा पट्टा दुप्पट केला. वेग २४ एमबीपीएसपर्यंत गेला. व्हीडीएसएल२ ही त्याच तारेवरची आणखी वेगवान पद्धत तर १७, काही ठिकाणी ३० मेगाहर्ट्झपर्यंत चढते आणि खोक्यावर १०० एमबीपीएसच्या गोष्टी करते. पण वारंवारता जितकी जास्त, तितका सिग्नल तांब्यात लवकर विरतो. तार दीडेक किलोमीटरची झाली की व्हीडीएसएल२ आणि एडीएसएल२+ यांत फारसा फरक उरत नाही. त्यामुळे लांबच्या घरात महागडा मोडेम घेणं मला तरी पैसे वाया घालवणं वाटतं. शिवाय तारेच्या पलीकडच्या टोकाला, म्हणजे टेलिफोन कंपनीकडे, व्हीडीएसएलची यंत्रणा नसेल, तर तो मोडेम एडीएसएलवरच चालणार, तोही त्याला एडीएसएल येत असेल तरच.

राहिला जोडणीचा प्रश्न. यूएसबी मोडेम एका संगणकाला बांधलेला, वर ड्रायव्हरची कटकट. इथरनेटचा बरा. घरात दोन-चार उपकरणं असतील तर राउटर असलेलाच घ्यावा. लॉगिन तोच सांभाळतो, संगणक बंद असला तरी चालतं.

घेतल्यावर मोडेमच्या सेटिंगच्या पानावर एसएनआर मार्जिन बघा, म्हणजे खरखरीला तोंड द्यायला सिग्नलकडे किती जादा ताकद शिल्लक आहे ते. ते ६ डेसिबलच्या खाली घसरलं की लाइन तुटू लागते. अशा वेळी मोडेमला दोष देण्याआधी फोनचा आवाज आणि नेट वेगळे ठेवणारा टेलिफोनचा छोटा फिल्टर जागेवर आहे ना, ते तपासा. तो लावायचा राहिला, तर फोनची घंटी वाजताच नेट जाऊ शकतं.